रूट कॅनालमध्ये नलिका धुण्याचे काम: फाइल कुठवर जाते आणि द्रावण कुठवर

मुळाक्षर

"नस तर तुम्ही सुरुवातीलाच काढलीत ना, डॉक्टर? मग पुढे एवढा वेळ पिचकारीने पाणी कशाला मारत होता?" गेल्या आठवड्यात खालच्या दाढेचे रूट कॅनाल सुरू असलेल्या एका शिक्षिकाबाईंनी, भुलेने जड झालेल्या ओठांनीच, खुर्चीतून उठता उठता हा प्रश्न विचारला. बाहेर रुग्ण थांबले होते म्हणून दोन वाक्यांत उत्तर देऊन मी त्यांना निरोप दिला, पण ते उत्तर अपुरे होते याची रुखरुख मनात राहिली. गेली १९ वर्षे हेच काम करत असल्याने मी खात्रीने सांगू शकते की रूट कॅनालमधला सर्वांत महत्त्वाचा आणि रुग्णाला सर्वांत कमी दिसणारा भाग हाच आहे, म्हणून हा धागा सुरू करत आहे.

आपण सवयीने "दाताची नस" म्हणतो, परंतु आत एकच सरळ दोरी नसते. रक्तवाहिन्या, मज्जातंतू आणि पेशी यांचा मऊ गर दाताच्या पोकळीत आणि मुळांतील नलिकांत भरलेला असतो, आणि या नलिका कुठे चपट्या, कुठे वाकड्या, तर कुठे एकमेकींना बारीक फटींनी जोडलेल्या असतात. वॉल्टर हेस यांनी झुरिकमध्ये उपसलेल्या दातांच्या नलिकांत रबर भरून, ते घट्ट करून आणि बाहेरचा दात विरघळवून १९१७ साली या पोकळ्यांचे साचे जगापुढे मांडले. ते साचे पाहिले की झाडाची मुळे मातीतून अलगद उपटल्यासारखी वाटतात; मुख्य मुळापेक्षा तंतूच जास्त. खालच्या पहिल्या दाढेच्या पुढच्या मुळात साधारणपणे दोन नलिका असतात आणि त्यांच्यामधली अरुंद फट ही आमची नेहमीची डोकेदुखी असते, कारण त्या फटीत कोणतीही फाइल, म्हणजे नलिका खरवडणारी धातूची बारीक काडी, शिरत नाही.

फाइल गोल फिरते, नलिका मात्र गोल नसते. झुरिकमध्येच २००१ साली पीटर्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी वरच्या दाढांचे सूक्ष्म सीटी स्कॅन फाइल फिरवण्याच्या आधी आणि नंतर घेऊन ताडून पाहिले, तेव्हा कोणत्याही पद्धतीची फाइल वापरली तरी नलिकेच्या भिंतीचा ३५ टक्के किंवा त्याहून अधिक भाग अस्पर्श राहिल्याचे आढळले. म्हणजे कितीही महागडी मशीनची फाइल आणली तरी एक तृतीयांश भिंतीला तिचा स्पर्शच होत नाही. त्या भिंतीवर सडलेला गर आणि जंतू तसेच ठेवून वरून सिमेंट भरले तर काही महिन्यांनी मुळाच्या टोकाशी पू धरतो, आणि रुग्ण म्हणतो, "रूट कॅनाल करूनही दाढ ठणकते." म्हणून मी माझ्या हाताखालच्या मुलांना सांगते की फाइल फक्त वाट मोकळी करते, सफाई त्या वाटेने जाणारे द्रावण करते.

हे द्रावण म्हणजे बहुतेक वेळा सोडियम हायपोक्लोराइट असते, ज्याला दवाखान्यात सगळे नुसते "हायपो" म्हणतात. पहिल्या महायुद्धात हेन्री डेकिन या रसायनतज्ज्ञाने अॅलेक्सिस कॅरेल यांच्यासोबत सैनिकांच्या चिघळलेल्या जखमा धुण्यासाठी त्याचे साधारण ०.५ टक्क्यांचे द्रावण वापरात आणले, आणि तेथून ते दंतवैद्यकात आले. आज आम्ही ०.५ पासून सुमारे ५.२५ टक्क्यांपर्यंतचे द्रावण वापरतो. जंतू मारणारी द्रावणे आणखीही आहेत, परंतु मेलेला आणि जिवंत असा दोन्ही प्रकारचा मऊ गर अक्षरशः विरघळवून टाकण्याचा गुण हायपोइतका दुसऱ्या कशात नाही. दाढ उघडून त्यात पहिले काही थेंब सोडले की बारीक बुडबुडे वर येऊ लागतात आणि स्वच्छ द्रावण ताकासारखे गढूळ होते. ते ओढून घेऊन ताजे भरायचे, पुन्हा गढूळ झाले की पुन्हा ओढायचे. गर विरघळवताना त्यातला क्लोरीन खर्ची पडतो, म्हणून एकदा भरून ठेवलेले द्रावण थोड्याच वेळात निकामी होते. त्या बाईंना दिसलेली पिचकारी त्यासाठी होती.

हायपोला एक गोष्ट मात्र जमत नाही. फाइलने खरवडलेल्या दंतभुकटीचा चुनखडीसारखा पातळ थर भिंतीवर लिंपला जातो आणि त्याखालची अतिसूक्ष्म छिद्रे बुजतात. हा थर खनिजाचा असल्याने हायपोने जात नाही, त्यासाठी १७ टक्के ईडीटीए लागते, जे कॅल्शियमला धरून ठेवते. नॉर्वेच्या नायगार्ड-ऑस्टबी यांनी १९५७ साली ते दंतवैद्यकात आणले. साधारण एक मिनिट पुरते; दहा मिनिटे ठेवले तर दाताचीच झीज होऊ लागते. ही दोन द्रावणे एकाच वेळी आत असू नयेत, कारण ईडीटीए हायपोतला क्लोरीन पटकन संपवते. माझा क्रम असा असतो की संपूर्ण काम होईपर्यंत हायपो, शेवटी ईडीटीए, आणि भरण्यापूर्वी पुन्हा थोडा हायपो.

शंका असतील तर अवश्य विचाराव्यात. रुग्णांनीही आणि व्यवसायबंधूंनीही.

जास्वंद

डॉक्टर, आपला लेख वाचताना माझ्या एका जुन्या अनुभवाचा उलगडा झाला. चार वर्षांपूर्वी एका दवाखान्यात वरच्या दाढेचे रूट कॅनाल करून घेताना माझ्या घशात अचानक काहीतरी तिखट, जलतरण तलावाच्या पाण्यासारख्या वासाचे उतरले. मी हात वर केला, तेव्हा "काही नाही, औषध आहे, गिळू नका" एवढेच सांगितले गेले. घसा दोन दिवस खवखवत होता, आणि घरी आल्यावर माझ्या गर्द निळ्या ओढणीवर तीन पांढरट ठिपके पडलेले दिसले. ओढणीचा रंग उडवणारे औषध माझ्या तोंडात का घातले, हा प्रश्न मला तेव्हापासून सतावतो आहे. ते हेच हायपो असावे काय? आणि ते घशात जाणे नेहमीचेच आहे काय? आता खालची दाढ दुखते आहे आणि त्या भीतीने मी चालढकल करते आहे.

मुळाक्षर

जास्वंदताई, आपल्या वर्णनावरून ते हायपोच होते असे वाटते. रंग उडवणारे ठिपके ही त्याची खूण आहे. माझ्या दवाखान्यातल्या मदतनीस बाईंचे जुने ॲप्रन त्या ठिपक्यांनी भरलेले आहेत.

ते घशात जाणे मात्र नेहमीचे नाही आणि असूही नये. ते टाळण्याचे साधन १८६४ सालापासून उपलब्ध आहे. न्यूयॉर्कचे दंतवैद्य सॅनफर्ड बार्नम यांनी त्या वर्षी रबराच्या पातळ पडद्याला भोक पाडून त्यातून फक्त उपचाराचा दात वर काढण्याची युक्ती शोधली, तिलाच आम्ही रबर डॅम म्हणतो. दाताभोवती लहानशी क्लिप बसवायची, चौकटीवर पडदा ताणायचा, की बाकी तोंड पडद्याखाली आणि दात एकटा वर. त्याने द्रावण घशात जात नाही, हातातून निसटलेली बारीक फाइल गिळली जाण्याचा धोका राहत नाही, आणि लाळेतले जंतू स्वच्छ केलेल्या नलिकेत पुन्हा शिरत नाहीत. हा तिसरा फायदा मला सर्वांत मोठा वाटतो, कारण एकीकडे धुवायचे आणि दुसरीकडे लाळ आत येऊ द्यायची याला धुणे म्हणता येत नाही.

आपण पुढच्या वेळी "रबर डॅम लावणार ना?" असे सरळ विचारावे. हा प्रश्न कोणत्याही दंतवैद्याला अपमानाचा वाटता कामा नये. डोळ्यांवर चष्माही मागून घ्यावा, कारण सिरिंज चेहऱ्यावरून जाते आणि एखादा थेंब डोळ्यात उडाला तर किमान पंधरा मिनिटे वाहत्या पाण्याने डोळा धुऊन लगेच नेत्रतज्ज्ञांकडे जावे लागते. तोंडात चव लागलीच तर हात वर करावा, न गिळता थुंकावे आणि भरपूर पाण्याने चुळा भराव्यात. दाढ दुखते आहे तर कृपया चालढकल करू नये. गर अजून जिवंत असताना आणि मुळाच्या टोकाशी पू नसताना काम केले तर निकाल फार चांगला मिळतो. स्वीडनमधील उमेओ येथील सोग्रेन आणि सहकाऱ्यांनी रुग्णांना आठ ते दहा वर्षांनी पुन्हा तपासून १९९० साली जे निष्कर्ष दिले, त्यांत टोकाशी दोष नसलेल्या दातांत ९६ टक्क्यांहून अधिक यश होते आणि गर मरून टोकाशी दोष झालेल्या दातांत ८६ टक्के. मधला फरक जंतूंनी आत किती काळ ठाण मांडले होते याचा आहे.

गावदवाखाना

मी तालुक्याच्या गावी बीडीएस झाल्यानंतर सहा वर्षांपासून दवाखाना चालवतो. आपण लिहिलेले तत्त्व पटते, परंतु काही अडचणी मोकळेपणाने मांडतो.

पूर्वी हाताने फाइल करताना एका दाढेला तासभर लागे आणि त्या तासात हायपो आपोआपच आत राहत असे. आता मशीनच्या फाइलने तीन नलिका दहा-बारा मिनिटांत तयार होतात. रुग्ण शेतावरून आलेला असतो, त्याला परतीची एसटी गाठायची असते, आणि आपण काहीच न करता नुसती पिचकारी मारत बसलो आहोत असे त्याला व आपल्यालाही वाटू लागते. मशीन आल्याने वाचलेला वेळ आपण धुण्यातून कापला, हे मला आपला लेख वाचल्यावर कबूल करावे लागते.

दुसरी अडचण साधनांची. माझ्याकडे अल्ट्रासॉनिक टिप, म्हणजे नलिकेतले द्रावण वेगवान कंपनांनी हलवणारे टोक, नाही. साधी २६ गेजची सुई वापरतो. बाटली ५ टक्क्यांची घेतो आणि डिस्टिल्ड पाण्यात निम्मी करतो, पण उन्हाळ्यात ती बाटली कितपत टिकते याची शंका येते. आणि भीतीपोटी काही सहकारी हायपो अजिबात न वापरता नुसत्या सलाइनने धुतात, त्याविषयी आपले मत काय आहे?

रसायनशाळा

मी दंतवैद्य नाही. कनिष्ठ महाविद्यालयात रसायनशास्त्र शिकवून निवृत्त झालो आहे. बाटली टिकण्याच्या प्रश्नाविषयी थोडे लिहितो.

सोडियम हायपोक्लोराइट हे स्वभावतःच अस्थिर आहे. उष्णता, सूर्यप्रकाश आणि तांबे, निकेल, लोखंड अशा धातूंचे अंश यांनी त्याचे विघटन वेगाने होते, आणि जेवढे द्रावण तीव्र तेवढे ते लवकर उतरते. म्हणून बाटली अपारदर्शक असावी, झाकण घट्ट असावे, ती थंड व अंधाऱ्या जागी ठेवावी, आणि पातळ करायचे झाल्यास त्या दिवसापुरतेच करावे. खिडकीतल्या फळीवर उन्हात ठेवलेली अर्धी बाटली वास देत राहते, पण वासावरून तिची ताकद कळत नाही. याच्या जवळपास कोणतेही आम्ल येऊ देऊ नये, कारण आम्लाशी संयोग होताच क्लोरीन वायू सुटतो.

अरुंद नळीत द्रव का शिरत नाही, हे घरी पाहता येईल. रिकामी झालेली बॉलपेनची रिफिल घ्यावी, तिचे एक टोक मेणबत्तीवर वितळवून दाबून बंद करावे, आणि उघडे टोक शाई घातलेल्या पाण्यात बुडवावे. शाई किंचित आत जाऊन थांबते. आत कोंडलेल्या हवेला बाहेर जायला वाट नसते आणि ती द्रवाला आत येऊ देत नाही. दाताचे मूळ हाडात रोवलेले असल्याने तेथेही टोक जवळजवळ बंदच असते, असे मी समजतो. ते बरोबर आहे काय?

मुळाक्षर

सर, अगदी बरोबर आहे, आणि रिफिलचे उदाहरण मी आता वर्गात वापरणार आहे. आम्ही याला हवेचा अडसर म्हणतो. नलिका वरपर्यंत काठोकाठ भरलेली दिसते, पण शेवटच्या दोन-तीन मिलिमीटरमध्ये हवेचा बुडबुडा बसलेला असतो, आणि जंतूंना नेमकी तीच जागा सर्वांत सोयीची असते.

गावदवाखाना यांच्या प्रश्नांकडे येते. नुसत्या सलाइनविषयी माझे मत स्पष्ट आहे की ते पुरत नाही. स्वीडनच्या बिस्ट्रोम आणि सुंडक्विस्ट यांनी १९८१ साली सलाइन वापरून वारंवार सिटिंग घेऊनही जवळपास निम्म्या दातांत जंतू उरल्याचे दाखवले, आणि दोनच वर्षांनी ०.५ टक्के हायपो वापरल्यावर त्याहून अधिक दात जंतुमुक्त झाल्याचे दाखवले. सलाइनने घाण वाहून जाते. गर विरघळत नाही आणि जंतूही मरत नाहीत.

२६ गेजची सुई मात्र आजच बदलावी. तिची जाडी सुमारे ०.४६ मिलिमीटर असते. टोकाशी ०.३० मिलिमीटर आणि ४ टक्के उतार असलेल्या फाइलने नलिका तयार केली, तर टोकापासून २ मिलिमीटर वर नलिकेचा व्यास ०.३८ मिलिमीटर होतो. म्हणजे आपली सुई तेथे पोहोचतच नाही, आणि त्याआधी कुठेतरी भिंतीत अडकून बसते. ३० गेजची सुई ०.३१ मिलिमीटरची असते, ती मोकळेपणाने जाते. टोक बंद आणि बाजूला खिडकी असलेली सुई घ्यावी. अशा सुईतून निघालेले द्रावण टोकाच्या पुढे साधारण मिलिमीटरभरच ताजे राहते, त्याच्या पुढे ते जवळजवळ हलत नाही. म्हणून रबराचा ठोकळा लावून सुई मुळाच्या मापापेक्षा एक-दोन मिलिमीटर अलीकडे ठेवायची आणि हळूहळू वर-खाली करत राहायचे.

अल्ट्रासॉनिक टिप असल्यास वीस-वीस सेकंदांच्या तीन फेऱ्या, प्रत्येक फेरीला ताजे द्रावण. नसल्यास नलिकेत नीट बसणारी गट्टा पर्चाची (नलिका भरण्याच्या रबरासारख्या पदार्थाची) काडी द्रावणात घालून दोन-तीन मिलिमीटर वर-खाली, मिनिटाला साधारण शंभर वेळा हलवावी. याला वीज लागत नाही आणि अडकलेला बुडबुडा फुटतो. द्रावण कोमट असेल तर आणखी चांगले. झुरिकच्याच एका प्रयोगात ४५ अंश सेल्सिअसच्या १ टक्का हायपोने गर विरघळवण्यात २० अंशांच्या ५.२५ टक्के हायपोची बरोबरी केली होती. भरलेली सिरिंज काही मिनिटे गरम पाण्याच्या पेल्यात उभी ठेवली तरी फरक पडतो, मात्र दाढेत जाईपर्यंत ते बरेच निवते.

वेळेविषयी आपण जे प्रामाणिकपणे लिहिले, त्याबद्दल मला आपला आदर वाटतो. मी फाइल संपल्यावर घड्याळ पाहते आणि पुढचा वेळ धुण्यासाठी राखून ठेवते. रुग्णाला आधीच सांगितले की "आता मशीन थांबेल, पण काम सुरू राहील", की तो चुळबुळ करत नाही.

अबोली

मी एमडीएसच्या दुसऱ्या वर्षाला आहे. क्लोरहेक्झिडिन या जंतुनाशक द्रावणाविषयी विचारायचे आहे. ते २ टक्क्यांचे वापरले असता भिंतीला चिकटून बराच काळ जंतूंना रोखते, विशेषतः आधी भरलेल्या दातांत सापडणाऱ्या एन्टेरोकोकस फीकॅलिससारख्या चिवट जंतूंना, असे आम्हाला शिकवले जाते. गेल्या महिन्यात पुन्हा उघडलेल्या एका दाढेत मी हायपोनंतर लगेच ते सोडले, आणि क्षणात दाढेच्या तळाशी नारिंगी-तपकिरी साका जमला. सूक्ष्मदर्शकातून पाहताना तो नलिकांच्या तोंडांवर सायीसारखा पसरलेला दिसत होता. तो काढायला मला अर्धा तास लागला. माझी चूक लक्षात आली, परंतु मग क्लोरहेक्झिडिन वापरावे की नाही, हा संभ्रम आहे.

मुळाक्षर

अबोली, ती चूक आमच्यातल्या बहुतेकांनी एकदा केलेली असते आणि तो रंग पाहिल्यावर पुन्हा होत नाही. दोन्हींच्या मध्ये सलाइनने किंवा डिस्टिल्ड पाण्याने भरपूर धुऊन कागदी काड्यांनी नलिका कोरडी केली तर साका बनत नाही. मी स्वतः क्लोरहेक्झिडिन क्वचितच वापरते, कारण ते गर विरघळवत नाही, आणि उरलेल्या मेलेल्या गराच्या आडोशाला बसलेल्या जंतूपर्यंत ते पोहोचणार तरी कसे? ज्या रुग्णाला हायपोची खरोखरच ॲलर्जी आहे, त्याच्यासाठी मात्र ते हाताशी असावे.

कोकणकडा

मी यंत्र अभियंता आहे, पंप आणि पाइप हा माझा रोजचा विषय. बंद टोकाच्या नळीत द्रव पोहोचत नसेल तर मला सुचणारा पहिला उपाय म्हणजे दाब वाढवणे. सिरिंज जोरात दाबली तर बुडबुडा आकुंचन पावेल आणि द्रावण पुढे सरकेल. हे का करत नाहीत?

मुळाक्षर

आपला प्रश्न अभियंत्याचा आहे, पण त्याचे उत्तर मला एका रुग्णाच्या चेहऱ्यावरून मिळाले आहे, म्हणून ते सविस्तर लिहिते.

दवाखाना सुरू करून दुसरेच वर्ष होते. वरच्या उपदाढेचे काम चालले होते, रुग्ण साधारण तिशीतल्या गृहिणी होत्या. नलिका अरुंद होती, सुई आत किंचित अडकल्यासारखी लागली. ती मागे घ्यायला हवी होती. मी अंगठ्याने दट्ट्या थोडा जास्त दाबला. क्षणार्धात त्या किंचाळल्या, भूल दिलेली असूनही. दातातून गडद रक्त वर आले, आणि माझ्या डोळ्यांदेखत गाल फुगत गेला. पाच मिनिटांत खालची पापणीसुद्धा सुजून अर्धी मिटली. दाताचे टोक जवळजवळ बंद असते, पण पूर्ण बंद नसते. अडकलेल्या सुईमुळे द्रावणाला वर यायला वाट राहिली नव्हती, म्हणून ते टोकातून हाडात आणि गालाच्या मऊ भागात गेले. जो गुण गर विरघळवतो, तोच तेथे जिवंत पेशींवर चालतो.

मी लगेच थांबले, उरलेले द्रावण ओढून घेतले, सलाइनने हळुवार धुतले, पुन्हा भूल दिली आणि पहिल्या दिवशी बर्फाचा शेक देण्यास सांगितले. माझ्या शिक्षकांना फोन केला. त्यांच्या सल्ल्याने वेदनाशामक आणि प्रतिजैविक दिले, दुसऱ्या दिवसापासून गरम शेक सुरू केला. तिसऱ्या दिवशी डोळ्याखालपासून हनुवटीपर्यंत जांभळे-काळे डाग उतरले होते. मी रोज त्यांच्या घरी जात असे. त्यांच्या सासूबाई दार उघडताना एक शब्दही बोलत नसत, नुसत्या बाजूला होत. जवळजवळ तीन आठवड्यांनी चेहरा पूर्ववत झाला आणि सुदैवाने ओठाची संवेदना शाबूत राहिली. काही रुग्णांत ती कायमची जाते.

तेव्हापासून मी दट्ट्या अंगठ्याने दाबत नाही, तर्जनीने दाबते, कारण तर्जनीला तेवढा जोर लावताच येत नाही. सुई नलिकेत सैल फिरते आहे ना, हे प्रत्येक वेळी पाहते आणि दाबताना सुई हलतीच ठेवते. सुईचे डोके सिरिंजवर पीळ देऊन बसणारे हवे, नाहीतर दाबाने ती निसटून उडते. लहान मुलांच्या नुकत्या आलेल्या दातांत टोक उघडेच असते, तेथे मी द्रावणही सौम्य घेते आणि सुईही आणखी अलीकडे थांबवते.

आपल्या क्षेत्रातला उपाय मात्र उलट्या दिशेने वापरात आला आहे. ढकलण्याऐवजी ओढण्याचा. दाढेच्या पोकळीत वरून द्रावण सोडत राहायचे आणि मुळाच्या टोकाशी ठेवलेल्या केसासारख्या बारीक नळीने ते शोषून घ्यायचे. द्रावण शोषणाच्या मागे आपोआप टोकापर्यंत जाते, हवा निघून जाते, आणि टोकाबाहेर ढकलणारा दाबच निर्माण होत नाही. साधन महाग आहे आणि ती बारीक नळी भुकटीने वारंवार तुंबते, पण उघड्या टोकाच्या दातांत मला ते फार विश्वासाचे वाटते.

जास्वंद

परवा खालच्या दाढेची पहिली सिटिंग झाली. नवीन दंतवैद्यांना मी रबर डॅमविषयी विचारले, तेव्हा त्यांनी हसून आधीच तयार ठेवलेला हिरवा पडदा दाखवला. सुरुवातीला गुदमरल्यासारखे वाटले, मग नाकाने श्वास घेण्याची सवय झाली. वास आला, चव मात्र एकदाही लागली नाही. मशीनचा आवाज थांबल्यानंतर मी समोरच्या घड्याळाकडे पाहिले आणि त्यानंतर पंचवीस मिनिटे पिचकारी चालू होती. या वेळी ती कशासाठी चालली आहे हे मला ठाऊक होते, त्यामुळे त्या पंचवीस मिनिटांचा कंटाळा आला नाही.

गावदवाखाना

३० गेजच्या बाजूला खिडकी असलेल्या सुया काल कुरिअरने आल्या. रुग्णावर वापरण्यापूर्वी महाविद्यालयाच्या काळातला सरावाचा पारदर्शक प्लास्टिकचा ठोकळा शोधून काढला, ज्यात वाकडी नलिका कोरलेली असते. ती आधी ०.३० च्या फाइलने तयार केली, मग निळी शाई भरून रात्रभर सुकू दिली.

सकाळी जुन्या २६ गेजच्या सुईने पाच मिलिलिटर पाणी सोडले. वरचा भाग आरशासारखा स्वच्छ झाला आणि खालच्या वळणापासून टोकापर्यंत शाई जशीच्या तशी राहिली; मोजली तर चार मिलिमीटर. नवीन सुई टोकाच्या दोन मिलिमीटर अलीकडे नेऊन तेवढेच पाणी सोडल्यावर शाई एका मिलिमीटरवर आली. मग गट्टा पर्चाची काडी घालून एक मिनिट वर-खाली केली. सुमारे चाळिसाव्या झटक्याला टोकातून एक बुडबुडा सुटून वर गेला आणि त्याच्या मागोमाग निळा धागा उलगडत आला. मी तो ठोकळा माझ्या मदतनीसाला उजेडासमोर धरून दाखवला. गेली सहा वर्षे ज्या दाढा मी पूर्ण झाल्या असे समजून भरल्या, त्यांपैकी ज्या रुग्णांचे फोन नंबर नोंदवहीत आहेत, त्यांना या महिन्यापासून एक्स-रेसाठी विनाशुल्क बोलावण्याचे ठरवले आहे. पहिले दोघे सोमवारी येत आहेत.